तायडेभाऊंचा एक वर्षाचा कोर्स

परवा माझ्या भाचीनं फोनवर विचारलं, "मावशी, मले फोटोग्राफीचा कोर्स कराचा हाये. तीन महिन्यांचा करू का वर्षाचा?" प्रश्न साधा होता. पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिला वाटलं फोन कट झाला. दोनदा हॅलो-हॅलो म्हणून तिनं ठेवून दिला. अगदी हाच प्रश्न मला आधी एका माणसानं विचारला होता. त्या माणसाबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळत आले.

अकोल्यातल्या एका सरकारी दवाखान्यात तायडेभाऊ एक्सरे काढायचे आणि मी केसपेपरच्या खिडकीत बसायचे. मधे एक लांब व्हरांडा. त्याच्या दोन टोकांना आम्ही एकोणीस वर्षं काढली. उंच, किंचित वाकलेला माणूस, पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं. इतका भित्रा पुरुष मी दुसरा पाहिला नाही आणि भित्रेपण इतकं कबूल करणारा तर नाहीच नाही. लिफ्टमध्ये बसायचे नाहीत. वीज कडाडली की खुर्चीवर पाय वर घेऊन बसत. रस्ता ओलांडताना शेजारी कोण आहे हे न बघता त्याचं कोपर धरत. एकदा एका अनोळखी हवालदाराचं धरलं होतं. मी हसले की म्हणत, "मी भेकड माणूस हावो ताई. त्यात लपवाचं काय?"

पण खरी गंमत म्हणजे ते पेशंटच्या तोंडाकडे कधी बघत नसत. खांदे बघत, हनुवटी बघत, गळ्यात साखळी राहिली का ते बघत. डोळ्याला डोळा भिडवायची वेळ आली की नजर भिंतीवरच्या घड्याळावर. पेशंट हमखास विचारायचा, "काही निंगालं का हो साहेब?" त्यावर यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "प्लेट वाळू द्या, मंग डॉक्टरसाहेब सांगतीन." तेव्हा फिल्म धुवावी लागे, टांगून वाळवावी लागे. तेवढ्या वेळात ते मागच्या दारानं सटकून माझ्या खिडकीशी येत आणि चहा पीत. रोज चहातल्या साखरेवरून कटकट. ज्या दिवशी साखरेबद्दल चकार शब्द न काढता चहा संपवत, त्या दिवशी मला कळायचं की आत टांगलेल्या प्लेटमध्ये काहीतरी वाईट आहे. मी विचारायचे नाही. तेही सांगायचे नाहीत.

मग डिजिटल मशीन आलं. डॉक्टर खूश, पेशंट खूश, शिपाईसुद्धा खूश. एकटे तायडेभाऊ हादरले. बटण दाबलं की चार-पाच सेकंदांत माणसाची छाती पडद्यावर हजर. "आता काय वाळाचं सांगू मी लोकाइले?" ते मला म्हणाले. पहिल्याच आठवड्यात बार्शीटाकळीकडची एक म्हातारी नवऱ्याला घेऊन आली. तिला पडद्यावरचं काय कळणार? तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही, ती यांच्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "बाबू, तुयं तोंड काहून असं झालं?" ते खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांचे दोन्ही हात काखेत होते आणि चहा त्यांनी घेतलाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॉनिटर भिंतीकडे वळवून ठेवला. एवढ्यावर भागलं नाही. पेशंट खोलीबाहेर जाईपर्यंत स्वतःही पडद्याकडे बघायचं नाही, असा नियम केला. त्यातून व्हायचं तेच झालं. एक माणूस ऐन वेळी हलला, फोटो फिसकटला, यांनी बघितलंच नव्हतं, आणि तो माणूस एसटीनं गावी निघून गेला. तायडेभाऊ पुढची गाडी पकडून त्याच्या घरी गेले, हात जोडून त्याला परत घेऊन आले. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांदेखत झापलं, "तायडे, तुम्ही फोटो बघितला का नाही?" यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर. मला मात्र नंतर हळूच म्हणाले, "मी फोटोकडं पाह्यलं असतं ताई, तं त्यानं मायाकडं पाह्यलं असतं."

त्यांच्या रिटायरमेंटला आठ-दहा दिवस उरले होते. जागेवर नवीन मुलगी आली होती, तिला मशीन शिकवायचं काम चालू होतं. एका दुपारी ते स्वतःच पेशंटच्या जागी उभे राहिले. छाती टेकवली, हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढं. मुलीनं बटण दाबलं. फोटो आला. तिचं सगळं लक्ष आकड्यांवर. तिनं विचारलं, "एक्सपोजर बरोबर आलं न सर?" हे म्हणाले, "फस्ट क्लास."

थोड्या वेळानं ते माझ्या खिडकीशी आले. "ताई, एक केसपेपर काढा. बिनानावाची प्लेट ठेवता येत नाही." मी पेन उचललं, विचारलं नाव काय. "माहंच टाका," ते म्हणाले, "अन् कोणाले सांगू नोका. उजव्या अंगाले डाग हाये. चांगला डाग नाही तो." मी लिहिलेलं ते नाव अजून माझ्या डोळ्यापुढं आहे, 'तायडे'चा 'डे' कागदाबाहेर गेला होता.

मी डॉक्टरांना दाखवा म्हणून मागे लागले. ते म्हणाले, रिटायर होऊ द्या. रिटायर झाले, हारतुरे झाले, भाषणं झाली. मग म्हणाले, पाहू. नोकरीच्या त्या शेवटच्या दिवसांतच त्यांच्या बायकोला, आम्ही सगळे वहिनीच म्हणायचो, खोकला झाला होता आणि यांनीच त्यांचाही एक्सरे काढला होता. तो अगदी स्वच्छ आला. स्वतःच्या डागाबद्दल घरी मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. ना वहिनींजवळ, ना अमरावतीला नोकरी करणाऱ्या मुलीजवळ, प्रज्ञाजवळ. मला एकटीला माहीत होतं आणि मी गप्प राहिले. शब्द दिला होता म्हणून गप्प राहिले, असं मी म्हणते; खरं म्हणजे मलाही भीती वाटत होती. त्याचा राग मला माझाच येतो, आजही.

आणि अशात या माणसानं कोर्सचं काढलं. दवाखान्याच्या कँटीनमध्ये त्यांनी माझ्यापुढे दोन पत्रकं ठेवली. डिजिटल फोटोग्राफी. मी म्हटलं, "तायडेभाऊ, तुमाले डाक्टरकडं जा म्हटलं तं तुमी हे घेऊन आले?" त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "चौतीस वर्षं फोटो काढले ताई. एकबी त्या माणसापुढं धरता आला नाही. सगळे पाठीमागं लपवले. आता एक तरी असा काढाचा की काढला अन् लगेच म्हटलं, घे बापा, पाह्य तुयं तोंड." मला रागवायचं होतं. रागवता आलं नाही.

अकोल्यातला कोर्स तीन महिन्यांचा, शनिवार-रविवार. अमरावतीचा एक वर्षाचा, त्याला दहा माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो आधी दाखवावे लागत, मग मुलाखत. दोघांनाही तायडेभाऊंनी फोन केले. कॅमेरा कोणता लागेल, लेन्स कोणती, हे कुणीही विचारेल. यांनी विचारलं, "तब्येतीनं मधात सोडा लागलं, तं पुढच्या साली बसू देता का?" पलीकडची मुलगी म्हणाली, "काका, तुम्हाला काही त्रास आहे का?" यांनी घाबरून फोनच बंद करून टाकला आणि अर्धा तास चालूही केला नाही.

मग तो प्रश्न. "ताई, तीन महिन्यांचा घेऊ का वर्षाचा?" पत्रकं हातात फडफडत होती, पंखा बंद असताना. "मी काही नजर-बिजर मानत नाही, तुमाले माहीत हाये. पन वर्षाचा म्हटलं तं वाटते, लय मागून राह्यलो. तीन महिन्यांचा म्हटलं तं वाटते, आपनच आपली तारीख सांगून राह्यलो." मी म्हटलं, "पहिले दहा फोटो तं काढा. मंग पाहू." माझंही तेच, पाहू.

पुतण्याचा कॅमेरा आणला. घरामागच्या निळ्या भिंतीपुढे स्टूल ठेवलं आणि ओळखीपाळखीच्या माणसांना बोलावणं गेलं. कँटीनवाले दादा, शेजारच्या गुरुजींची आई, दूधवाला, मी. पाच-सहा झाल्यावर त्यांनी मला फोटो दाखवले आणि रडवेल्या सुरात विचारलं, "ताई, सगळे काहून असे भेलेले दिसतात?" मी बघितलं. खरंच की. सगळ्यांची हनुवटी वर, खांदे पुढे, गाल फुगलेले, डोळे बाहेर. मी हसत सुटले. "अवो, तुमी काय म्हणता त्याइले फोटो काढताना?" त्यांना आठवेना. मी त्यांचीच नक्कल करून दाखवली, "हनुवटी वर... दम घ्या... रोखा... हलू नोका!" जन्माची सवय, जिभेला कळत नव्हतं. मग त्यांनी तोंड शिवून घेतलं. हा उंच माणूस काही न बोलता कॅमेरा रोखून उभा राहिलेला पाहून पुढची माणसं आणखीच घाबरली. नऊ फोटो झाले, नऊच्या नऊ भेदरलेले. आणि मी पाहत होते, कॅमेऱ्यातूनसुद्धा ते खांदे आणि हनुवटीच बघत होते.

दहावा फोटो वहिनींचा. मे महिन्यातली सकाळ. वहिनी गच्चीवर कुरड्या घालत होत्या. त्या वर्षी त्यांनी इतक्या कुरड्या घातल्या होत्या की खाली अंगणातही दोन खाटांवर वाळत होत्या. मी सहज गेले होते, मलाही सोऱ्या धरायला बसवलं होतं. तायडेभाऊंनी खालून हाक मारली. वहिनी तशाच चिकाच्या हातांनी जिना उतरल्या आणि स्टुलावर बसल्या. "काढा लवकर, चीक थंडा होऊन राह्यला." त्यांनी सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. यांनी बटण दाबलं आणि पडद्याकडे बघितलं.

बघतच राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाच्या चेहऱ्याकडे इतका वेळ बघताना पाहिलं नव्हतं. बाकी नऊ जण दम रोखून भेदरले होते. वहिनींनी दम रोखला नव्हता. साधा चेहरा, आणि त्यात ओतप्रोत भीती.

"काय निंगालं?" वहिनींनी विचारलं.

यांनी सवयीनं कॅमेरा छातीशी उलटा धरला.

"दाखवा न," वहिनी म्हणाल्या. "काहून लपवता? दाखवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मग त्यांनी पडदा वहिनींकडे वळवला. वहिनींनी चिकाचा हात लागू नये म्हणून हात मागे बांधले आणि वाकून स्वतःचा चेहरा पाहिला. "अशी दिसून राह्यली का मी?" त्या म्हणाल्या. "मंग सांगून टाका न आता. किती दिस हायेत माये?"

तायडेभाऊंना कळेना. मलाही कळेना.

"तुमी माया फोटो काढला दवाखान्यात, तवापासून मायाकडं पाहात नाही," वहिनी म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "जेवताना पाहात नाही, बोलताना पाहात नाही. ज्याच्या प्लेटमधी वाईट असते त्याच्याकडं तुमी पाहात नाही, येवढं मले समजत नाही का इतक्या वर्षांत? मी प्रज्ञाले बोलली नाही. तुमाले विचारलं नाही. म्हटलं, सांगाची हिंमत होईन तवा सांगतीन. येवढ्या कुरड्या काय मी हौसेनं घातल्या? तुमाले वर्षभर पुराव्यात म्हणून घातल्या."

दोन महिने ती बाई आपण मरणार म्हणून एकटी घाबरत होती. आणि त्याच घरात तो माणूस आपण मरणार म्हणून एकटा घाबरत होता. एका ताटलीत दोघांच्या चहाचे कप.

"तुयी प्लेट साफ हाये," तायडेभाऊ म्हणाले. त्यांनी पहिल्यांदा वहिनींच्या डोळ्यांत बघितलं. "माही नाही."

वहिनी एकदम खाली बसल्या, जमिनीवरच. मग ज्या रडल्या, त्या रडण्यात राग किती, सुटका किती आणि नवीन भीती किती, मला सांगता येणार नाही. सुटका झाल्याची लाजही त्यात असावी. तायडेभाऊ शेजारी उकिडवे बसले आणि त्यांच्या हाताचा वाळलेला चीक नखानं खरवडत राहिले. बऱ्याच वेळानं वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. "उद्या सोमवार हाये," त्या म्हणाल्या, "उद्या डाक्टरकडं जाचं. अन् त्या कोर्सचा फारम कोठी हाये?" यांनी दोन्ही पत्रकं आणून दिली. चष्मा नव्हता, म्हणून त्यांनी माझ्याकडून वाचून घेतली. "वर्षाचा भरा," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांनी माहं काही भागत नाही."

सोमवारी डॉक्टर झाले, मग नागपूर, मग तपासण्या. डाग ते म्हणाले तसाच होता. चौतीस वर्षांत त्यांचं वाचन कधी चुकलं नव्हतं आणि तेव्हाच नेमकं चुकावं, अशी आम्ही सगळ्यांनी आशा केली होती. उपचार सुरू झाले. मधल्या एका मोकळ्या आठवड्यात अमरावतीला मुलाखत झाली. प्रज्ञा सोबत होती, तिनं मला सांगितलं. तिथले तरुण सर दहा फोटो बघून थक्क झाले. म्हणाले, "काका, तुमच्याकडं सगळी माणसं घाबरलेली का आहेत?" तायडेभाऊ म्हणाले, "नऊ मायामुळं भेले सर. दहावी मायासाठी." प्रज्ञा म्हणाली, सरांनी तिथंच फॉर्मवर सही केली.

जुलैत वर्ग सुरू झाले. प्रज्ञाकडे राहायचे, तिकडच्याच मुलांबरोबर वर्गात बसायचे, उपचारासाठी नागपूरला जाऊन यायचे. वहिनीही तिकडेच गेल्या, कुरड्यांचे डबे घेऊन. फोनवर बोलताना दर वेळी म्हणत, भेव तं वाटतेच ताई, रोज वाटते, उठल्याबरोबर वाटते. मी धीर द्यायला काहीबाही बोलायचे. ते म्हणत, "असू द्या. आता दोघं मिळून भेतो."

संक्रांत झाली आणि आठवड्याभरात तायडेभाऊ गेले. त्याआधी मी त्यांना शेवटचं बघितलं ते डिसेंबरात. मी अमरावतीला माझ्या बहिणीकडे गेले होते. निघायच्या आधी वहिनींनी फोनवर सांगितलं होतं, नागपूरच्या डॉक्टरांनी आता औषध थांबवलंय, दोनेक महिने म्हणतात. त्यांना माहीत आहे का, मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "त्याइच्यापुढंच सांगतलं. आता या घरात पाठीमागं काही होत नाही."

मी वर्गाच्या जिन्याशी उभी राहिले. जिना चढायचा मला धीर होईना. काय बोलायचं अशा माणसाशी? वर्ग सुटला, पोरं-पोरी धडधडत उतरली, आणि सगळ्यांत शेवटी कठड्याला धरून तायडेभाऊ. डोक्यावर लोकरीची टोपी, गळ्यात मफलर, शर्ट अंगावर लोंबत होता. मला पाहून शेवटच्या पायरीवर बसले. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, चक्कर आली. मी धावले. त्यांनी माझं कोपर घट्ट धरलं.

"ताई, लय भेव वाटून राह्यलं," ते म्हणाले.

मला हुंदका आवरेना. मी म्हटलं, "माहीत हाये भाऊ. वहिनींनी सांगतलं मले."

"तिले कसं माहीत? आत्ताच तं सांगतलं सरनं वर्गात," ते म्हणाले. "मार्चात सगळ्याइले सेमाडोहले नेनार हायेत, जंगलाचे फोटो काढाले. उघड्या जिप्सीत बसवतात म्हणे. अन् तिथं वाघ असते!"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते माझ्याकडे बघत होते, सरळ डोळ्यांत, उत्तराची वाट बघत. मी पदरानं नाक पुसलं आणि म्हटलं, "जिप्सीतून खाली उतराचं नाही भाऊ. हात बाहेर काढाचा नाही. मंग काही होत नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी पिशवीतून वही काढली, खिशातलं पेन काढलं आणि मी सांगितलेलं लिहून घेतलं.